तारापूरचा करार आणि १९७१ची अमेरिका

वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जुने पाकीट सापडले, तिथून या लेखाची सुरुवात झाली. पत्ता साधाच होता : मु. पो. बोईसर, ता. पालघर, जि. ठाणे. शिक्का डिसेंबर १९७१चा. पाकिटाला दोन तिकिटे लावलेली होती. एक नेहमीचे वीस पैशांचे आणि दुसरे पाच पैशांचे, लाल रंगाचे, कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे. या दुसऱ्या तिकिटावर काळ्या शाईत छापले होते, ‘शरणार्थी सहायता’. आत मामाचे पत्र होते. त्यात भाताचा भाव, आजीचा दमा आणि ‘तुमच्याकडे दिवे घालवायला लावतात का?’ असा एक प्रश्न.

दिवे घालवायला लावत असत. वडील तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्रात एका ठेकेदाराकडे फिटर होते. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवून संध्याकाळपासून अंधारात बसण्याच्या गोष्टी त्यांनी आम्हा भावंडांना पुष्कळदा सांगितल्या. गोष्टीच्या शेवटी ते हमखास एक वाक्य जोडत. ज्या अमेरिकेने आम्हाला वीज दिली, तिचेच जहाज आमच्यावर चालून येत होते. लहानपणी मला हे वाक्य फेकलेले वाटे. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की, वाक्य ढोबळमानाने खरे आहे आणि त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. शेजारच्या घरात यादवी पेटते तेव्हा दूरचे एक बलाढ्य सरकार एका हाताने धान्य देते आणि दुसऱ्या हाताने बंदूक. अशा सरकारच्या मदतीचे मोल आपण कसे करायचे?

वडील १९७१चे हे कोडे सोडवू शकत नव्हते, कारण कागद बंद होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या वर्षीच्या दक्षिण आशियाविषयीच्या दस्तऐवजांचा खंड २००५ मध्ये प्रसिद्ध केला. बैठकींची टिपणे, तारा, अध्यक्षांची संभाषणे असे पुष्कळ काही आता कुणालाही वाचता येते. शब्दकोश जवळ ठेवून मी ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते पुढे मांडतो आहे.

तारापूरला आलेली अमेरिका

तारापूरचे केंद्र हे भारताचे पहिले अणुवीज केंद्र. त्यासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात ऑगस्ट १९६३ मध्ये करार झाला, तीस वर्षांच्या मुदतीचा. अमेरिकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. व्याज पाऊण टक्का, फेड चाळीस वर्षांत. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. इंधन म्हणजे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे आणि या केंद्रासाठी भारताने ते अमेरिकेकडूनच घ्यायचे. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले.

कर्ज, यंत्रे आणि इंधन या तिन्ही गोष्टी एकाच देशाकडून आल्या होत्या, हे ध्यानात ठेवावे. त्यात एक तारीखही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तारापूरच्या इंधनावर देखरेख कुणी आणि कशी करायची, याचा त्रिपक्षीय करार भारत, अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्यात झाला तो २७ जानेवारी १९७१ रोजी. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पूर्व पाकिस्तानात आग लागली.

ढाक्याची तार

डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या दोन जागा सोडून सर्व जागा जिंकल्या आणि साऱ्या पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत बहुमत मिळवले. सत्ता सोपवण्याऐवजी जनरल याह्या खान यांच्या लष्करी राजवटीने २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात सैन्य रस्त्यावर आणले. विद्यापीठ, पोलिसांच्या बराकी, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या यांवर हल्ले झाले. मुजीबना अटक करून पश्चिम पाकिस्तानात नेण्यात आले.

ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते आर्चर ब्लड. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वॉशिंग्टनला कळवले की, ठरवून, निवडून माणसे मारली जात आहेत. उत्तर आले नाही. तेव्हा ६ एप्रिलला दूतावासातल्या वीस जणांनी सह्या करून एक तार पाठवली. सरकारी धोरणाशी असलेला मतभेद नोंदवण्याची सोय परराष्ट्र खात्याने नुकतीच सुरू केली होती, तिचा आधार त्यांनी घेतला. लोकशाही चिरडली जात असताना आपले सरकार निषेधाचा शब्द काढत नाही, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असा त्या तारेचा आशय होता. ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. वॉशिंग्टनमधल्या खात्यातल्याही नऊ जाणकारांनी तिला दुजोरा दिला. दिल्लीतले अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांचे म्हणणेही त्याच दिशेचे होते.

परिणाम काय झाला? ब्लड यांची ढाक्याहून बदली झाली. एप्रिलच्या अखेरीस अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासमोर धोरणाचे पर्याय ठेवण्यात आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला की, या घडीला याह्यांना पिळू नका. त्यातल्या नकाराखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या. जाहीर भूमिका होती : ही पाकिस्तानची अंतर्गत बाब आहे.

धान्याचे खाते

अंतर्गत म्हटली गेलेली ही बाब सीमा ओलांडून रोज भारतात येत होती. मे महिन्याच्या अखेरीस दिवसाला सुमारे एक लाख माणसे येत होती. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सरकारी नोंदीतला आकडा ९८ लाख ९९ हजारांवर गेला. त्यांपैकी जवळजवळ ७५ लाख पश्चिम बंगालात, १४ लाख त्रिपुरात, साडेसहा लाखांहून अधिक मेघालयात आणि तीन लाखांवर आसामात. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाख होती. म्हणजे घरात जितकी माणसे, जवळजवळ तितकेच पाहुणे.

इथे अमेरिकेने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही, आणि हे आपल्याकडच्या लिखाणात फारसे येत नाही. निर्वासितांसाठी परदेशी सरकारांनी जी मदत केली, तिच्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता. जूनमध्ये अमेरिकी हवाई दलाची सी-१३० जातीची अवजड विमाने त्रिपुरात उतरली. गर्दीने फुटू पाहणाऱ्या त्रिपुरातून हजारो निर्वासितांना त्यांनी आसामात हलवले आणि परतीच्या खेपेत तांदूळ आणला. खुद्द पूर्व पाकिस्तानात दुष्काळ पडू नये म्हणून धान्य, आणि ते नदीनाल्यांतून पोहोचवण्यासाठी लहान जहाजे भाड्याने घ्यायला पैसे, हेही अमेरिकेने दिले. नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळाने तो प्रदेश आधीच उद्ध्वस्त झालेला होता. १ ऑक्टोबरला निक्सन यांनी आपल्या संसदेकडे या मदतकार्यासाठी आणखी २५ कोटी डॉलर मागितले.

धान्याच्या खात्यावर एवढे जमा आहे. पण माणसे उपाशी होती म्हणून सीमा ओलांडत नव्हती. ती जिवाच्या भीतीने येत होती. भुकेवर धान्य हा इलाज आहे, भीतीवर नाही. भीती ज्याच्यामुळे होती त्याला थांबवण्याची ताकद थोडीबहुत ज्या सरकारकडे होती, ते त्याला पिळायला तयार नव्हते. मदत जितकी वाढत गेली तितके हे मौन झाकले गेले, असे मला कागद वाचताना वाटत राहिले. आम्ही काय करतो आहोत, असे कुणी विचारले की दाखवायला पोती होती.

बंदुकीचे खाते

पाकिस्तानला शस्त्रे देणे आपण थांबवले आहे, असे अमेरिकी सरकार सांगत होते. २२ जून १९७१ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की, ‘सुंदरबन’ आणि ‘पद्मा’ या पाकिस्तानी जहाजांतून अमेरिकी लष्करी सामान निघाले आहे. खुलासा असा की, आधी दिलेले परवाने रद्द झालेले नव्हते. जुलैच्या मध्यात ‘पद्मा’ बाल्टिमोर बंदरात आणखी माल भरायला आली, तेव्हा तिथले काही साधे नागरिक छोट्या वल्हवायच्या होड्या घेऊन तिच्या वाटेत आडवे झाले. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. आमच्या सातपाटी-दांडीच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. एवढ्याशा होडीसमोर जहाजाची नाळ काय दिसते, हे त्याला ठाऊक आहे.

उरलेले परवाने रद्द झाल्याची घोषणा झाली ८ नोव्हेंबरला. तोवर आठ महिने होत आले होते. पैशात मोजली तर ही शस्त्रे फार नव्हती. पण त्यांचा अर्थ इस्लामाबादला नीट कळत होता : मित्र नाराज नाही.

मौनाचे कारण

या मौनामागे निव्वळ भारतद्वेष होता, असे म्हणणे सोपे आहे. निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या संभाषणांत भारताविषयी आणि इंदिरा गांधींविषयी हिणकस शब्द पुष्कळ आहेत. तरी मुख्य कारण दुसरीकडे होते. चीनशी बोलणी सुरू करण्यासाठी याह्या खान हे अमेरिकेचे निरोपे होते. जुलै १९७१ मध्ये किसिंजर दिल्लीत आले, तिथून पाकिस्तानात गेले. पोट बिघडल्याचे निमित्त सांगून ते दृष्टिआड झाले आणि ९ जुलैला गुपचूप पेकिंगला पोहोचले. १५ जुलैला निक्सन यांनी जगाला ही बातमी दिली. जगाच्या राजकारणाचा नकाशा बदलणारी ती भेट होती, यात शंका नाही.

किसिंजर यांचा बचावही समजून घ्यायला हवा. त्यांचे म्हणणे असे की, जाहीर फटकारण्याने याह्या बधले नसते. खाजगीत सांगून काही पदरात पडत होते. आणि चीनचा दरवाजा उघडणे हे साऱ्या जगाच्या शांततेचे काम होते. पण कागदांत तारखा लावून पाहिल्या की एक गोष्ट खटकते. जुलैमध्ये दरवाजा उघडला होता. निरोप्याचे काम संपले होते. तरी धोरण बदलले नाही. म्हणजे सुरुवातीला जी अडचण होती, ती पुढे सवय झाली. चीनला आपण मित्राला सोडत नाही हे दाखवायचे, हे नवे कारण तिच्या जागी आले.

भारताने ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला. त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्यांत चिखल तुडवत फिरले आणि परत जाऊन त्यांनी आपल्याच सरकारवर टीका केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. ती भेट कोरडी झाली.

बनगावचे पिंप

या सगळ्यात एक धागा असा आहे, जो मला राजकारणाच्या पुस्तकांत सापडला नाही, वैद्यकाच्या इतिहासात सापडला.

जूनमध्ये छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि माणसे जमिनीवर पडून दगावत होती. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस हे कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातले. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. ज्याला पिता येते त्याला पाजत राहा, एवढीच सूचना. मृत्यूंचे प्रमाण, जे तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

तोंडाने द्यायच्या या पाण्याची खात्रीची चाचणी तीन वर्षे आधी झाली होती ती ढाक्यात, तिथल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा आग्नेय आशियाच्या लष्करी कराराच्या छत्राखाली, मुख्यतः अमेरिकी पैशाने उभी राहिली होती. पाकिस्तानला अमेरिकी शस्त्रे मिळाली तीही अशाच लष्करी करारांच्या जोरावर. म्हणजे मारणाऱ्याची बंदूक आणि पळून आलेल्याचे औषध, दोन्ही एकाच मैत्रीतून आली. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आशाताई हगवण लागलेल्या बाळासाठी जी पुडी देतात, ती या बनगावच्या पिंपाची नात आहे. तेव्हा अमेरिकेच्या मदतीला सरसकट ढोंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डिसेंबर

३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले आणि आठ महिने मुकी असलेली अमेरिका एकदम बोलू लागली. सुरक्षा समितीत युद्धबंदीचे ठराव आणले गेले, सोव्हिएत संघाने ते नकाराधिकाराने अडवले. ७ डिसेंबरला आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव झाला. १० देश तटस्थ राहिले. जगाचे मत आपल्या बाजूने होते, ही आपल्याकडची समजूत या आकड्यांसमोर टिकत नाही. यादवीतल्या माणसांची कणव असलेले देशही सीमा ओलांडणाऱ्या सैन्याला मत देत नाहीत, हे त्यातून दिसते.

अमेरिकेने भारताची ८ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत रोखली. तारापूरसाठीचे सगळे कर्ज ८ कोटींचे होते, हे आठवले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. भारताची मदत थांबवायला एक आठवडाही लागला नाही. पाकिस्तानचे शस्त्रपरवाने पुरते रद्द व्हायला मात्र आठ महिने लागत आले होते. या दोन मुदती शेजारी ठेवल्या की, धोरणाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, ती १५ डिसेंबरच्या सुमारास तिथे शिरली. दुसऱ्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. वडिलांच्या वाक्यातले जहाज ते हेच. ते आमच्या किनाऱ्यावर आले नाही, पूर्वेच्या समुद्रात गेले. अंधारात बसलेल्या माणसाला सगळे समुद्र एकच वाटतात.

बैठकींतला पाकिस्तानकडचा कल उघड करणारी गुप्त टिपणे पत्रकार जॅक अँडरसन यांनी छापली. अमेरिकेने ४ एप्रिल १९७२ रोजी बांगलादेशाला मान्यता दिली.

पुढे तारापूरचे काय झाले?

१९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि तारापूरच्या इंधनाचा वाद सुरू झाला. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि त्याच्या अटी जुन्या करारालाही लागू होतात, असे म्हटले. १९८० मध्ये ३८ टन इंधनाची एक खेप सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा काठावरच्या मतांनी सुटली. अखेर १९८२ मध्ये तोड निघाली आणि इंधन फ्रान्सकडून येऊ लागले. त्या वर्षांत बोईसरच्या चहाच्या टपरीवर वॉशिंग्टनच्या मतदानाची चर्चा चाले, हे मी शाळकरी वयात ऐकले आहे. केंद्र बंद पडले तर ठेकेदाराची माणसे घरी बसणार, इतका तो प्रश्न जवळचा होता. हा वाद १९७१मुळे झाला नाही. पण दिल्लीने तो हाताळताना जी सावधगिरी दाखवली, तिच्यामागे डिसेंबरचा अनुभव असणार, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सरकारची मदत आणि सरकारचे धोरण ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली जमा दुसऱ्यातल्या तुटीत वळती करता येत नाही. १९७१च्या तांदळाने आणि विमानांनी जीव वाचले, ते खरे. पोरे वाचली, ती मोठी झाली. पण मार्चमध्ये बोललेला एक कठोर शब्द कदाचित त्या तांदळाची गरजच कमी करून गेला असता, हेही खरे. आज जगात कुठे यादवी पेटली आणि कुण्या सरकारने, आपल्या सरकारनेही, औषधांची विमाने पाठवली की टाळ्या वाजवाव्यात. मग शांतपणे विचारावे की, मारणाऱ्याशी त्यांचे काय बोलणे चालू आहे आणि त्याला कोण काय विकते आहे.

ते पाच पैशांचे तिकीट १५ नोव्हेंबर १९७१ पासून लावावे लागे. बहुतेक निर्वासित १९७२च्या वसंतापर्यंत घरी परतले, तिकिटाचा अधिभार मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. मामाने त्याबद्दल पत्रात काही लिहिलेले नाही. भाताचा भाव पडल्याची तक्रार आहे, तिकिटाची नाही. पाकीट मी पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे.